अकरावी सायन्स: वेळापत्रकाच्या आधी एक वही

दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवून आलेली मुलं अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला पंचवीसपैकी सात-आठ मार्कांवर येतात, हे आम्हा ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकांना दर वर्षी दिसतं. मुलं हुशार असतात, कष्टाळूही असतात. पेपर घरी गेला की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: वेळापत्रक. ड्रॉइंग पेपरवर स्केचपेनने रकाने आखले जातात, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. चौथ्या दिवशी कॉलेजातून यायला उशीर होतो, सातची केमिस्ट्री आठवर जाते, आठचं मॅथ्स राहूनच जातं आणि आठवडा संपायच्या आत त्या कागदाकडे कुणी बघेनासं होतं. मग मूल स्वतःलाच आळशी ठरवून मोकळं होतं.

मला हे पटत नाही. त्या मुलात आळस नसतो, त्याच्याकडे माहिती नसते. आपला दिवस सध्या कुठे जातो आणि कुठलं काम आपल्याला किती वेळ घेतं हे ठाऊक नसताना आखलेलं वेळापत्रक कुणाचंही टिकणार नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी नोंद, मग त्या नोंदीकडे बघणं, आणि त्यातून नियोजन. साहित्य म्हणून दोनशे पानी एक वही आणि पेन पुरे.

हे वर्ष केवढं आहे

"अकरावी म्हणजे रेस्ट इयर" हे वाक्य तुम्ही सीनियर मुलांकडून, कदाचित नातेवाइकांकडूनही ऐकलं असेल. बारावी बोर्डाच्या निकालात अकरावीचे मार्क धरत नाहीत, एवढंच त्यात खरं आहे. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर येतात. नीट आणि जेईई तर दोन्ही वर्षांचा अभ्यास सारखाच धरतात. शिवाय बारावीचं फिजिक्स अकरावीच्या पायावर उभं आहे. व्हेक्टर नीट आले नसतील तर पुढच्या वर्षी रोटेशनल डायनॅमिक्सच्या पहिल्याच पानावर अडायला होतं.

नव्या मुलांना कुणी आधी सांगत नाही अशी एक अडचण आहे. फिजिक्सच्या पुस्तकात 'मॅथेमॅटिकल मेथड्स' हे प्रकरण अगदी सुरुवातीला येतं आणि त्यात व्हेक्टरबरोबर डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची तोंडओळख असते. मॅथ्सच्या तासाला मात्र लिमिट्स आणि डिफरन्सिएशन दुसऱ्या भागात, म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धात येतं. मधले काही महिने फिजिक्सचे सर जे वापरतात ते मॅथ्सच्या सरांनी अजून शिकवलेलं नसतं. या काळात 'मला जमत नाही' असं वाटतं. ते वाटणं तुमच्या कुवतीचं माप नाही. एक्सच्या घातांचे डेरिव्हेटिव्ह आणि साइन-कोसाइनचे दोन नियम एवढं एका दुपारी कुणाकडून तरी शिकून घ्या, बरीचशी धडधड थांबेल.

पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक भार असतो. सायन्सची पुस्तकं इंग्रजीत आहेत. विषय कळत असतो, पण एक पान वाचायला सेमी इंग्लिशवाल्या मुलापेक्षा दुप्पट वेळ लागू शकतो. हा फरक सहसा कायमचा नसतो. सुरुवातीचे महिने मात्र त्यासाठी जास्तीचा वेळ हिशोबात धरायलाच हवा. शेजारच्या मुलीचं प्रकरण एका तासात होतं म्हणून स्वतःलाही एकच तास देऊ नका.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

सोमवारी सुरुवात करा. सात दिवस तुमचा दिवस जसा जातो तसाच जाऊ द्या, पण दर दोन-तीन तासांनी मधल्या वेळात काय झालं ते वहीत एका ओळीत लिहा. 'साडेचार ते सव्वापाच, बसस्टँड, एसटी चुकली.' 'आठ ते साडेनऊ, केमिस्ट्री, मधे जेवण, मधे मोबाईल.' मिनिटामिनिटाचा हिशोब नको, पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालतील. रात्री एकदम बसून दिवसभराचं आठवू मात्र नका. तोपर्यंत स्मरणशक्ती दिवसाला बरीच रंगरंगोटी करून ठेवते आणि अर्धा तास बसलेला अभ्यास आठवताना दोन तासांचा होतो.

हे मोबाईलमधल्या ॲपवर का नको? नोंद करायला मोबाईल उघडला की तिथे दुसरी दहा निमंत्रणं वाट बघत असतात. वही उघडली तर फक्त वही उघडते. मोबाईलचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. तिथला आकडा रोज रात्री वहीत उतरवा. तो कमी करायचा प्रयत्न या आठवड्यात करायचा नाही.

ही वही आईवडिलांना दाखवायची सक्ती नसावी, असं मी पालकांनाही सांगते. कुणीतरी तपासणार असं कळलं की मूल खरं लिहीत नाही, आणि खोट्या नोंदीवरून केलेलं नियोजन त्या भिंतीवरच्या कागदासारखंच निघतं.

रविवारचा हिशोब

सात दिवस झाले की बेरीज करा. कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी कॉलेज आणि क्लास करणाऱ्या मुलाचा दिवस बहुधा असा निघतो: झोप आठ तास, कॉलेज साडेपाच, क्लास अडीच, ये-जा दीड, आंघोळ-जेवण-घरची कामं मिळून अडीच. झाले वीस. उरले चार. त्यातला एखादा तास गप्पा, खेळ, नुसतं लोळणं यांना जातो आणि तो जायलाही हवा. म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला रोज तीन तास.

हा आकडा बघून बऱ्याच मुलांचा चेहरा उतरतो, कारण 'टॉपर बारा तास अभ्यास करतात' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण तीन तास हेच खरे असतील तर नियोजन तीन तासांचंच केलं पाहिजे. आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन तास आणि रविवारी पाच, मिळून तेवीस तास होतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजीला प्रत्येकी पाच तास दिले तरी इंग्रजी आणि दुसऱ्या भाषेला तीन उरतात. ज्याने बायोलॉजी किंवा मॅथ्स घेतलेलं नाही त्याच्याकडे आणखी वेळ आहे. एवढ्यात अकरावी नीट होते.

झोपेतून वेळ कापू नका, हे मी वर्गात दर महिन्याला सांगते. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी साडेसातच्या तासाला पेंगणारा मुलगा एकाच वेळी दोन्हीकडचं गमावतो.

रोज तीन कामं

आता नियोजन. रकान्यांचं वेळापत्रक नको. रोज दुपारी घरी आल्यावर किंवा आदल्या रात्री वहीत तीन कामं लिहा. काम असं लिहायचं की ते संपलं की नाही यावर वाद होऊ नये. 'फिजिक्स करणे' हे काम झालं नाही. 'लॉज ऑफ मोशनच्या स्वाध्यायातली पाच गणितं, उत्तरं न बघता' हे काम झालं.

प्रत्येक कामापुढे किती वेळ लागेल याचा अंदाज लिहा आणि काम झालं की खरा लागलेला वेळ. ही दोन आकड्यांची सवय बाकी सगळ्यापेक्षा जास्त शिकवते. आपला अंदाज चुकतो आणि तो बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या प्रवृत्तीला नाव दिलं होतं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. सगळं काही बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं, तेव्हा ४९ च्या आसपास सांगितले. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. सर्वांत वाईट परिस्थिती धरून केलेला अंदाजही अपुरा पडला.

तुमच्या वहीत महिनाभरात तुमचा स्वतःचा गुणाकार सापडेल. कुणाला मॅथ्सला अंदाजाच्या दीडपट वेळ लागतो, कुणाला केमिस्ट्रीच्या नोट्सना दुप्पट. तो सापडला की पुढचे अंदाज त्या पटीने वाढवून लिहायचे, आणि तीन तासांत तीन कामं खरोखर मावतात का ते बघायचं. मावत नसतील तर दोनच लिहा. पूर्ण झालेली दोन कामं अर्धवट चारपेक्षा केव्हाही बरी, कारण अर्धवट कामाकडे परत जाताना कुठे होतो हे शोधण्यातच वीस मिनिटं जातात.

काम करताना सलग किती वेळ बसायचं? फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली. ती 'पोमोडोरो' म्हणून आज सगळीकडे सांगितली जाते. पाठांतर, व्याख्या, बायोलॉजीच्या आकृत्या यांना ती छान चालते. गणितं सोडवताना मात्र पंचवीस मिनिटांनी उठलं तर लागलेली तंद्री मोडते, तिथे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बसा. आणि एखाद्या गणितात पंधरा-वीस मिनिटं अडलात तर त्यावर खूण करून पुढे जा. अडलेली गणितं दुसऱ्या दिवशी सरांकडे किंवा मित्राकडे न्यायची. एका गणितापायी अख्खी संध्याकाळ घालवणं ही चिकाटी आहे असं वाटतं, पण त्यात बाकीची दोन कामं बुडतात.

जर्नलबद्दल वेगळं सांगते, कारण अकरावीत मुलांचा सर्वांत जास्त वेळ अनपेक्षितपणे तिथे जातो. प्रयोग झाला त्याच दिवशी रीडिंग, आकडेमोड आणि ग्राफ पूर्ण करा. त्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात होतं. साठवून ठेवलं की सर्टिफाय करून घ्यायच्या आदल्या दोन रात्री जागून दहा प्रयोग उतरवावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच प्रथम सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते.

रात्रीची दहा मिनिटं

नोंद आणि नियोजन यांना जोडणारी गोष्ट म्हणजे झोपण्याआधीची दहा मिनिटं. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. वहीत चार ओळी लिहायच्या: काय ठरवलं होतं, काय झालं, का, आणि उद्या काय. एका विद्यार्थिनीच्या वहीतलं पान तिच्या परवानगीने देते:

*बुधवार.*
*ठरवलं: लॉज ऑफ मोशन ५ गणितं (१ तास). मोल कन्सेप्ट पुस्तक मिटून लिहिणे (३० मि.). जर्नल, प्रयोग ३ (३० मि.).*
*झालं: गणितं ३ (१ तास ३५ मि.). मोल पूर्ण (३५ मि.). जर्नल नाही.*
*का: चौथ्या गणितात घर्षणाची दिशा कुठली घ्यायची कळेना. ४० मि. तिथेच गेली. मोल झाल्यावर साडेदहा झाले.*
*उद्या: घर्षणाचं मधल्या सुट्टीत सरांना विचारणे. जर्नल कॉलेजातच, तिसऱ्या ऑफ तासाला.*

यातली तिसरी ओळ पुन्हा वाचा. 'मी आज खूप वेळ वाया घालवला' असं त्यात कुठे नाही. कुठलं गणित, त्यातलं काय अडलं, किती वेळ गेला, एवढंच आहे. म्हणून चौथी ओळ आपोआप सुचली. तिने 'आज आळस केला, उद्यापासून मन लावून करीन' असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय वेगळं करायचं हे तिला कळलंच नसतं आणि घर्षण तसंच राहिलं असतं.

आत्मपरीक्षण म्हटलं की आपल्याकडे मुलं स्वतःला दोष द्यायला बसतात. घरीदारी तेच शिकवलेलं असतं. वहीसाठी नियम सोपा ठेवा: 'का' या ओळीत स्वतःबद्दलचं विशेषण आलं की ते खोडा आणि त्या जागी वेळ, जागा किंवा काम लिहा. 'मी आळशी' खोडून 'जेवल्यावर पलंगावर बसून वाचायला घेतलं, दहा मिनिटांत झोप लागली'. आता उपाय दिसतो: जेवणानंतर खुर्चीवर बसून लिहिण्याचं काम घ्यायचं, वाचण्याचं नको.

त्याच दहा मिनिटांतली शेवटची तीन-चार मिनिटं आणखी एका गोष्टीला द्या. पुस्तक-वही मिटून, आज वर्गात काय शिकवलं ते मागच्या पानावर आठवेल तसं लिहा. सूत्र, एखादी आकृती, दोन वाक्यं. हे परत वाचण्यापेक्षा फार जास्त उपयोगी पडतं. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला आणि दुसऱ्याला एकदा वाचून मग आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२. मुलं फसतात ती इथेच. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून 'येतंय' असं वाटतं, आणि पेपरात कोरा कागद समोर आला की हात थांबतो.

एसटीने किंवा लोकलने ये-जा करणाऱ्यांना हे प्रवासातही करता येतं. हलत्या गाडीत पुस्तक वाचू नका, डोळे दुखतात आणि लक्षही लागत नाही. खिडकीबाहेर बघत सकाळचा तास मनात पुन्हा चालवा. जे आठवलं नाही ते घरी गेल्यावर पहिलं बघायचं.

चुकांची पानं

वहीची शेवटची पन्नासेक पानं चुकांसाठी राखा. घटक चाचणीचा किंवा क्लासच्या टेस्टचा पेपर हातात आला की मुलं मार्क बघतात, शेजाऱ्याचे बघतात आणि पेपर दप्तरात कोंबतात. त्या पेपरात तुमच्याबद्दलची जेवढी माहिती असते तेवढी दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. ७२ किलोमीटर प्रतितास वेगाने चाललेली गाडी ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबते, तर ती किती अंतर गेली? वेग सारख्या प्रमाणात कमी होतो असं धरलं तर सरासरी वेग निम्मा. एका मुलाने लिहिलं: ७२ भागिले २, गुणिले ५, उत्तर १८० मीटर. खरं उत्तर ५० मीटर, कारण ७२ किलोमीटर प्रतितास म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद. पेपर बघून तो म्हणाला, "मॅडम, मला कायनेमॅटिक्स येत नाही." कायनेमॅटिक्स त्याला येत होतं. सरासरी वेग निम्मा हे त्याने बरोबर घेतलं होतं, एकक बदलायचं राहिलं होतं. आपली चूक नेमकी कुठली हे न कळल्यामुळे तो अख्खं प्रकरण पुन्हा वाचायला बसणार होता. त्याचे तीन तास गेले असते आणि पुढच्या पेपरात एककाची चूक पुन्हा झाली असती.

म्हणून प्रत्येक चुकीपुढे तिची जात लिहा. समजलंच नव्हतं, तर शिकवणाऱ्याकडे जायचं, एकट्याने झगडत बसायचं नाही. समजलं होतं पण पेपरात आठवलं नाही, तर मिटल्या पुस्तकाने लिहिण्याचा सराव कमी पडतोय. एकक, चिन्ह, आकडेमोड चुकली, तर पुढचा महिनाभर प्रत्येक गणितात पहिली ओळ 'दिलेलं, एककासह' अशी लिहायची. प्रश्नच नीट वाचला नव्हता, विशेषतः 'खालीलपैकी कोणते चूक आहे' छापाचे, तर 'चूक' या शब्दाला पेन्सिलीने गोल करायची सवय लावायची. आणि येत होतं पण वेळ संपला, ही शेवटची जात. ती अकरावीत हलकी घेऊ नका. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, एकाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. हा वेग बारावीच्या मार्चमध्ये येत नाही, आतापासून आठवड्यातून एकदा दहा प्रश्न घड्याळ लावून सोडवले तर येतो.

तीन-चार टेस्ट झाल्या की कुठली जात पुन्हा पुन्हा येते ते मोजा. बहुतेकांच्या अर्ध्याहून जास्त चुका एक-दोन जातींत सापडतात, हे मी वर्गात वारंवार पाहिलं आहे. त्यावरच काम करायचं.

रविवारी पाऊण तास

रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, अभ्यासाला बसण्याच्या आधी आठवड्याची पानं चाळा. कुठलं काम सारखं उद्यावर ढकललं गेलं? कुठल्या वेळेला बसलो की काम होतं आणि कुठल्या वेळेला होत नाही? अंदाज आणि खरा वेळ यांत सर्वांत मोठा फरक कुठे पडला? स्क्रीनचा आकडा कुठल्या दिवशी वर गेला आणि त्या दिवशी काय झालं होतं?

यातून पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवा. उत्साहाच्या भरात मुलं पाच ठरवतात, बुधवारपर्यंत पाचही सुटतात. एक बदल आठवडाभर पाळला गेला तर पुढच्या रविवारी दुसरा. उदाहरणार्थ, वहीत दिसलं की अभ्यासाचे व्हिडिओ बघायला मोबाईल घेतला की तासाभराने भलतंच काहीतरी चालू असतं. मग बदल असा: व्हिडिओ कशासाठी बघतोय तो प्रश्न आधी कागदावर लिहायचा, एकच व्हिडिओ आधी डाउनलोड करून नेट बंद करून बघायचा, आणि उरलेल्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत. 'मोबाईल कमी वापरीन' हा निश्चय आहे, त्यात करण्यासारखं काही नाही. वरचा बदल करता येतो.

रविवारीच पुढच्या आठवड्यातल्या आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी लिहून टाका. गणपतीचे दिवस, घरातलं लग्न, सोयाबीनची काढणी, पाण्याची पाळी, मामाकडचं बारसं. यांना अभ्यासातले अडथळे म्हणू नका, हे तुमचं आयुष्य आहे. ज्या आठवड्यात घरी दहा दिवसांचा गणपती आहे त्या आठवड्यात रोज एकच काम लिहा आणि आरत्या मनापासून म्हणा. आधी कळलेला कमी वेळ त्रास देत नाही, ऐन वेळी कळलेला देतो.

खंड पडला तर

पडणारच. ताप येतो, परीक्षा येते, कंटाळा येतो. आठ दिवस वही उघडली नाही तर मागची पानं भरून काढायला जाऊ नका. तारीख लिहा, एक ओळ सोडा आणि आजचं लिहा. राहिलेल्या अभ्यासाचंही तसंच. सगळा बॅकलॉग एका रविवारी संपवायचा घाट घातला की चालू प्रकरणही मागे पडतं. वर्गात आज जे चालू आहे ते आधी, आणि मागच्यातलं रोज अर्धा तास.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. वहीत सलग दोन आठवडे झोप नीट नाही, जेवण जात नाही, 'का'च्या ओळीत लिहायला काहीच सुचत नाही, कशातच मन लागत नाही असं दिसत असेल, तर तो नियोजनाचा प्रश्न नाही. आईवडिलांशी, एखाद्या ताईशी, वर्गशिक्षकांशी बोला. घरी बोलणं अवघड वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आणि जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत थांबू नका, त्याच क्षणी सांगा.

वार्षिक परीक्षेनंतर

अकरावीची वार्षिक परीक्षा संपली की बारावीचे क्लास सुरू होईपर्यंत थोडी सुट्टी मिळते. पहिला आठवडा खरोखर सुट्टी घ्या. त्यानंतर चुकांची पानं काढा आणि 'समजलंच नव्हतं' अशी जात लिहिलेल्या नोंदी वेगळ्या कागदावर उतरवा. वर्षभर वही लिहिली असेल तर ही यादी सहसा एक-दोन पानांची असते: व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट, रेडॉक्सचं बॅलन्सिंग, ट्रिगनॉमेट्रीतली दोन-तीन रूपांतरं. सुट्टीतले सकाळचे दोन तास या यादीला द्या, एका दिवशी एकच नोंद, आणि जमलं की तिच्यापुढे तारीख टाका. यादीतलं जे सुट्टीत राहील ते बारावीच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.